चार दोऱ्यांची पंचमी

आज सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि डोक्यावरचा पत्रा असा काही थडथडला की हातातला चहा शर्टावर सांडला. एरवी मी चिडलो असतो. आज मात्र तसाच ओल्या शर्टानं रस्त्यावर आलो आणि वर बघत उभा राहिलो. समोरच्या नारळाच्या झावळ्या सगळ्या एकाच अंगाला गेलेल्या, रसवंतीवाल्याची ताडपत्री सुटून फडफडतेय, आणि ढग नुसते पळताहेत. श्रावण लागला की फलटणला हे असं एके दिवशी होतंच. तरी दर वर्षी मला ते पहिल्यांदाच झाल्यासारखं वाटतं.

आत येऊन पहिली मोटार उघडली तोच फोन वाजला. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. "सुन्या, सुटलं बग!" एवढंच म्हणाली आणि तिनं फोन वाऱ्यात धरला. घूंऽऽ घूंऽऽ. एका हातात जळालेल्या मोटारीचं झाकण, कानाला माण तालुक्याचं वारं, असा मी उभा. पुढ्यातलं गिऱ्हाईक म्हणालं, "रेंज नाही वाटतं." म्हटलं, "फुल रेंज आहे हो!"

आक्काला हे वाऱ्याचं वेड मुळातलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ते लागलं, आणि त्या श्रावणात मी एक घोळ घातला होता. इतका मोठा घोळ की आठवला तर अजून कानशिलं गरम होतात, आणि इतका चांगला शेवट की आठवल्यावाचून राहवत नाही.

आधी माझ्याविषयी सांगायला हवं, कारण घोळाचं मूळ तिथंच आहे. मी मोटार वायंडिंगवाला. उसाला पाणी देणाऱ्या मोटारी जळाल्या की माझ्याकडं येतात. तांब्याची तार गोल गोल गुंडाळायची, एकावर एक, घट्ट. पंचवीस वर्षं हेच करतोय. आणि दुसरं म्हणजे मी फलटणचा. बाकीची गावं संक्रांतीला पतंग उडवतात, आम्ही नागपंचमीला. त्या दिवशी गच्चीवर नसलेला माणूस एक तर आजारी असतो नाहीतर परगावचा. आमच्या पतंगाचा कायदा एका ओळीचा आहे. गुंता झाला तर सोडवत बसायचं नाही. तोडायचं आणि गाठ मारायची. गुंता सोडवेपर्यंत समोरच्या गच्चीवरचा तुमचा पतंग काटून मोकळा होतो. या कामात मी लहानपणापासून वाकबगार. दातानं तोडून, न बघता, तीन मोजायच्या आत गाठ मारून दाखवायचो आणि फुशारकी मारत फिरायचो.

आक्का दिली माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं, माळावरच्या एका गावात. तिथं पाऊस कमी आणि वारं रगड. डोंगराच्या धारेवर पवनचक्क्या रांगेनं उभ्या. दाजींचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरणारं; आता डाळिंबाची बाग, थोडी बाजरी आणि साठेक मेंढरं. दाजी फौजेत हवालदार होते. लग्नानंतरची बावीस वर्षं ते सुट्टीला यायचे आणि सुट्टी संपली की जायचे. आक्का त्यांना एसटी स्टँडवर सोडायला जायची. दोन-तीनदा मीही बरोबर होतो. ती कधी रडली नाही आणि कधी 'राहा' म्हणाली नाही. "पोचल्यावर फोन करा," म्हणायची आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवून चालू लागायची. मला तेव्हा वाटायचं, आमची आक्का भारी घट्ट काळजाची.

मग दाजी कायमचे घरी आले. हार, पेढे, गावातून जीपमधून मिरवणूक. आठ दिवस झाले आणि लक्षात आलं की त्या घरात त्यांच्यासाठी काही कामच उरलेलं नाही. बागेला पाणी कधी सोडायचं ते आक्का ठरवणार, मेंढरू कधी विकायचं ते आक्का. एकदा दाजींनी गोठ्यापुढच्या दगडांना ओळीनं चुना आणि गेरू फासला. आक्का बघून म्हणाली, "आवं, ही छावनी न्हाई." दुसऱ्यांदा त्यांनी कडब्याच्या पेंढ्या मोजून, मापात रचल्या. तिनं त्या काही न बोलता परत तिच्या सवयीनं लावल्या. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं, निदान माणसं बोलतात तरी.

आषाढात मी गेलो तेव्हा कळलं की दाजी पुण्याला निघालेत. एका मोठ्या सोसायटीच्या गेटावर सुपरवायझर. पंचमीच्या दिवशी पाच वाजता फोन करतो, पक्कं सांगा, असं त्या लोकांनी कळवलं होतं.

"पावणं," दाजी मला म्हणाले, "हात रिकामं राह्यलं की मानूस गंजतो. हितं माझ्याबिगर काय अडतंय?"

आत आक्का भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. मला दाजी जायला नको होते. बावीस वर्षं वाट बघायची आणि माणूस आला की त्याला पुण्याच्या गेटावर उभं करायचं, हे मला सोसवेना. पण आक्काच काही बोलत नव्हती, तर मी धाकट्या भावानं काय बोलावं?

विषय बदलायचा म्हणून मी दाजींना त्यांची काळी ट्रंक उघडायला लावली. बूट निघाले, मफलर निघाला आणि तळाशी एक पिशवी. पिशवीतून लाल-पिवळं कापड बाहेर यायला लागलं ते संपेचना. पतंग! पण कामट्या नाहीत, कागद नाही, शेपूट नाही. नुसतं हलकं कापड, आत कप्पे शिवलेले. वारं भरलं की फुगून दोन खाटांएवढं होणारं. पॉवर काईट म्हणतात त्याला. राजस्थानात पलटणीतल्या एका साहेबांना त्याचा नाद होता. दाजी त्यांच्याबरोबर शिकले आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तो त्यांच्या हातात ठेवला. त्याला दोऱ्या चार, प्रत्येक विसेक मीटरची. दोन जाड, ओढीच्या. दोन बारीक, ब्रेकच्या. उजव्या हाताच्या मुठीला दोन, डाव्या हाताच्या मुठीला दोन.

त्या संध्याकाळी माळावर तो पहिल्यांदा उठला तेव्हा मी आयुष्यभराची फुशारकी विसरलो. फलटणचा पतंग आपण ओढतो. हा पतंग आपल्याला ओढतो! दाजी टाचा रोवून मागं रेललेले, मुरूम खरडत चार-चार हात पुढं ओढले जात होते आणि मोठ्यानं हसत होते. दाजींना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मेंढरं भिऊन एका जागी गोळा झाली. मला मुठी दिल्या तर मी सरळ तोंडावर पडलो, तोंडात माती गेली, आणि उठून पहिला शब्द म्हणालो, "परत!"

उडवणं झालं की खरं काम असायचं दोऱ्यांचं. मला वाटलं होतं, गुंडाळल्या की झालं. तर नाही. आधी पतंगाच्या काठावर ओंजळभर माती टाकून तो निजवायचा. दोऱ्या पतंगाला आणि मुठींना तशाच राहू द्यायच्या. मग दोन्ही मुठी एकत्र धरून दोऱ्या त्यांच्यावर आठाच्या आकड्यासारख्या घ्यायच्या, एकदा इकडून, एकदा तिकडून. गोल गुंडाळली की दोरीला दर फेऱ्याला एक पीळ बसतो. आठात एकीकडचा पीळ दुसरीकडं निघून जातो. दाजी हे सांगत होते, वारं दोऱ्या उधळत होतं आणि काम रेंगाळत होतं. आक्का मेंढरं आणायला आली होती. थोडा वेळ बघत राहिली. मग पुढं झाली आणि चारही दोऱ्या आपल्या बोटांच्या चार फटींतून घेत पतंगाकडून दाजींकडं चालत आली. ती चालत येईल तसा गुंता तिच्या बोटांपुढं पळत होता आणि मोकळा होत होता.

दाजी बघतच राहिले. "ह्ये कुठं शिकलीस गं?"

"वाघर गुंडाळताना," आक्का म्हणाली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती मुक्कामाला लावतात ती जाळी. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती सासऱ्यांबरोबर मेंढरांमागं फिरली होती. रोज वाघर लावायची, रोज काढायची. "टोकं जाग्याव असली ना, मग गुंता कितीबी होऊ द्या, त्यो सुटतोच. ओढायचं मातर न्हाई. टोक सुटलं की मग गाठ हुती."

मला वाटतं, त्या दिवसांत त्या दोघांमध्ये एवढं लांब बोलणं पहिल्यांदाच झालं असावं. पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी माळावर हे चालायचं, असं फोनवर कळायचं. एका टोकाला दाजी, एका टोकाला आक्का, आणि मधे वीस मीटर वारं. मी इकडं कॉईल भरता भरता खूष व्हायचो.

आता माझा घोळ. पंचमीच्या आधीच्या रविवारी मी पुन्हा गेलो, आणि मेव्हण्याचा मान म्हणून दोऱ्या आवरायचं काम हट्टानं मागून घेतलं. फलटणहून येताना मी खास मोठी चक्री करून आणली होती, सागवानी, बेअरिंग लावलेली. दाजी आणि आक्का बागेकडं गेलेत असं बघून मी दोऱ्या पतंगापासूनही सोडल्या, मुठींपासूनही सोडल्या, आणि चारही एकदम चक्रीवर गोल गोल भरल्या. कशी बसली होती म्हणता! एकावर एक, घट्ट, चकचकीत. मोटारीची कॉईलसुद्धा लाजली असती. शिवणाऱ्या माणसानं नवा सदरा टांगावा तशी ती चक्री मी खुंटीला टांगून आलो. मग पंचमीपर्यंत तिकडं भुरभुर लागून राहिली आणि पतंग कुणी बाहेर काढलाच नाही.

पंचमीसाठी एरवी मी आक्काला आदल्या दिवशी माहेरी न्यायला जायचो. त्या वर्षी तिनं सांगितलं, "ह्ये हाईत घरी, मी यायची न्हाई. तूच ये." फलटणच्या गच्च्या सोडून मी आयुष्यात पहिल्यांदा पंचमीला परगावी गेलो. आदल्या दिवशी आक्कानं माझ्यासाठी, भावाचा म्हणून उपास धरलेला. सकाळी बायका वारुळाला जाऊन आल्या, लिंबाला झोका बांधला होता, घरात पुरणाची दिंडं उकडत होती. त्या दिवशी आमच्याकडं चिरत नाहीत, कापत नाहीत, तळत नाहीत. विळी भिंतीकडं तोंड करून ठेवलेली. आणि वारं असं की झोक्यावरच्या पोरींचे पदर आडवे उडत होते.

मला दम कुठला! "तयारी करून ठेवतो," म्हणून मी एकटाच पुढं माळावर गेलो आणि चक्री सोडली. पहिल्या दहा हातांतच दोऱ्यांनी एकमेकींना असं कवटाळलं की त्या चार आहेत की एक, कळेना. मी ओढलं. ते आवळलं. आणखी ओढलं, आणखी आवळलं. घाम फुटला. मागनं दाजी येताना दिसले, आणि माझा हात आपोआप खिशात गेला. तिथं दुकानातली छोटी कात्री होती. जो एक गुंता सुटतच नव्हता तो कापला, दोन टोकं जोडली, गाठ मारली. तीन मोजायच्या आत. बाकीच्या दोऱ्या मग सुटल्या. मी त्या मुठींना लावल्या, पतंगाला लावल्या, आणि घाम पुसत म्हणालो, "तयार!"

पतंग उठला आणि उठता उठता डावीकडं वळला. दाजींनी उजवीकडं ओढलं. तो डावीकडंच. गरकन फिरला आणि धाडकन माळावर आपटला. पुन्हा उठवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं दाजींना बाभळीच्या काट्यात नेलं. दाजी उठले, हातावरचं रक्त पुसलं आणि मुठी खाली ठेवल्या. त्यांचा उजवा खांदा नोकरीत एकदा निखळला होता, हे मला ठाऊक होतं.

"हात गेला माझा, पावणं," ते हळू आवाजात म्हणाले. "पंधरा दिवस ऐकत हुता, आता पतंगबी ऐकना. जाऊ द्या. पाचला फोन यील, सांगतो उद्याच येतो म्हनून."

मी काय करावं? चाळिशी ओलांडलेला माणूस मी, आणि खाली बसून पतंगात अडकलेले काटे उपटायला लागलो. माझ्या एका गाठीनं दाजी पुण्याला निघाले होते.

आक्का तोवर आलेली. तिनं पतंगावर माती टाकली आणि सवयीनं चार दोऱ्या बोटांत घेऊन चालायला लागली. निम्म्यावर आली आणि थांबली. डाव्या हाताचा अंगठा एका जागी फिरत होता.

"ही गाठ कुनाची?"

वारं घोंघावत होतं. मी मेंढरांकडं बघत होतो.

"सुन्या, माझ्याकडं बग. ही तुजी गाठ. ल्हानपणापास्नं बघतीया मी." ती जवळ आली. "पंचमीला इळी हातात घेत न्हाई मी. काल तुज्यासाठी पान्याचा घोटबी घेतला न्हाई. आन तू कात्री चालवलीस?"

मी सगळं सांगितलं. चक्री, कॉईल, कात्री, सगळं. दाजी ऐकत होते. मला वाटलं, आता फौजेतल्या शिव्या पडणार. पण त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, मूठ उघडली, मिटली, आणि विचारलं, "म्हंजे हात बरा हाय माझा?"

"हात बरा हाय तुमचा," आक्का म्हणाली. "ह्येचं डोस्कं बरं न्हाई."

हसावं की रडावं मला कळेना. मी म्हटलं, बाकीच्या तीनही तेवढ्याच कापू, म्हणजे सारख्या होतील. आक्कानं माझ्याकडं असं पाहिलं की मी कात्री काढून चपलेखाली ठेवली. मग तिनं वाघरीची एक मेख माळात ठोकली, चारही दोऱ्यांची टोकं तिच्यात अडकवली आणि दुसरी टोकं दाजींच्या हातात दिली. "आवं, ताणून धरा. ढिलं सोडू नगा." ताणल्यावर लबाडी उघडी पडली. माझी दोरी एक वीत आखूड. आक्कानं उरलेल्या तीन दोऱ्यांची टोकं तेवढीच मागं दुमडली आणि त्यांचे नवे फासे बांधले. काहीही न कापता. वीत मोजायची, दुमडायची, बांधायची. "ताणा." "ताणलं." "अजून." "व्हय, अजून." हवालदारसाहेब हुकूम घेत होते आणि चेहरा असा की बढती मिळालीय.

पतंग उठला. सरळ! डोक्यावर जाऊन असा उभा राहिला की मी माळावर नाचलो, खरोखर नाचलो. दाजींनी दोन चकरा मारल्या आणि मग एकदम म्हणाले, "ये, तू धर." आक्का नको नको म्हणत होती, तोवर त्यांनी आपला फौजेतला पट्टा काढून तिच्या नऊवारीवरून बांधला आणि मागनं एका हातानं घट्ट धरला. मुठी तिच्या हातात आल्या. पतंगानं हिसका दिला. आक्का दोन पावलं ओढली गेली, किंचाळली, आणि मग हसायला लागली. पन्नाशीला टेकलेली माझी बहीण, पदर उडालेला, डोळे आभाळाला लागलेले.

आणि दाजींच्या खिशात फोन वाजला. पाच वाजले होते.

त्यांनी मोकळ्या हातानं फोन काढला. पट्टा सोडला नाही. फोन वाजत होता. "त्येच हाईत," ते म्हणाले. "काय सांगू?"

आक्कानं मान वळवली नाही. वळवता येणारच नव्हती. दोन्ही हात दोऱ्यांना, नजर पतंगाला. एसटी स्टँडवर बावीस वर्षं जे तिच्या तोंडून निघालं नव्हतं, ते तिथं, वाऱ्यात, त्यांच्याकडं न बघता ती मोठ्यानं बोलली.

"जाऊ नगा."

दाजींनी फोन कानाला लावला. "सर, जमनार न्हाई," ते म्हणाले. "घरी ड्यूटी लागलीय." आणि फोन माझ्याकडं फेकला, कारण पतंगानं पुन्हा ओढलं होतं आणि पट्ट्याला दोन्ही हात लागणार होते.

त्या संध्याकाळी दोऱ्या त्या दोघांनीच आवरल्या. मला हात लावू दिला नाही. आठाच्या आकड्यात, इकडून एकदा, तिकडून एकदा. मी लिंबाखाली दिंडं खात बसलो होतो, चार खाल्ली. आता दाजी बागेला पाणी सोडतात, आक्काला विचारून. कधी न विचारता सोडतात आणि मग भांडण होतं, चांगलं दणदणीत, रस्त्यापर्यंत ऐकू जाणारं. माझी गाठ त्या दोरीत अजून आहे. दर वर्षी आक्काचा अंगठा तिथं एकदा थांबतो, ती माझ्याकडं बघते, आणि पुढं चालते.

परवा पंचमी. दुकान बंद ठेवायचं ठरवलंय, मोटारी जळोत. आक्काकडं निघताना आता दर वर्षी शर्टाचे खिसे चाचपतो. कात्री काढतो, गल्ल्यात टाकतो आणि कुलूप लावून किल्ली बायकोच्या हातात देतो.